परभणीच्या सपाटीवरून ६२५० मीटर: कांग यात्से-२ ला जायचंय तर हे वाचून जा

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी परभणीचा. जगात जर्मनी, भारतात परभणी वगैरे ठीकय, पण आमच्या गावात चढ म्हणून जो काही आहे तो रेल्वेच्या उड्डाणपुलाचा. गाव समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास, मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो, आणि बर्फ बघायचा तर रसवंतीवर. असल्या गावातला माणूस ६२५० मीटरवर जातो म्हणला की घरच्यांना वाटतं ह्याला ऊन लागलंय.

मी दोनदा गेलो. पहिल्यांदा साडेतीन-चारशे मीटर राहिलेले असताना परत फिरलो, दुसऱ्यांदा पोचलो. पाय दोन्ही वेळेला तेच, फुफ्फुसं तीच, उलट दुसऱ्यांदा वय दोन वर्षांनी वाढलेलं. फरक होता तो रजेचा. पहिल्यांदा नऊ दिवसांची रजा होती, दुसऱ्यांदा अठरा. बाकी सगळं खाली सांगतोच, पण हे डोक्यात ठेवून वाचा.

आता शिखर कुठलं ते. लडाखमध्ये लेहच्या दक्षिणेला मारखा नावाचं खोरं आहे, त्याच्या वरच्या टोकाला कांग यात्से. ह्याची दोन टोकं, एक नंबर ६४०० मीटरच्या घरात आणि ते आपलं काम नाही, तिथं धारेवरून दोर लावत जावं लागतं, मुरलेल्या लोकांसाठी आहे. दोन नंबर ६२५० चं, लोक जातात ते हे. सगळा भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो, १९८१ साली झालेलं, देशातलं सगळ्यात मोठं राष्ट्रीय उद्यान, हिमबिबट्यांचा मुलूख. तुम्हाला बिबट्या दिसणार नाही हे आधीच सांगतो, भरल म्हणजे निळ्या रानमेंढ्या दिसतील कळपानं, आणि बिळातून डोकं काढून शिट्टी मारणारे गुबगुबीत मार्मोट. आधी सगळी गर्दी स्टोक कांगरीला असायची, ते ६१५३ मीटर, पण २०२० पासून ते बंद केलं, लोकांनी पार घाण करून ठेवली होती अन् खालच्या गावाचं पाणी तिथूनच येतं. मग गर्दी इकडं सरकली.

पाऊस हा आपला दुखरा विषय, पण इथं तो कामाला येतो. आपण सह्याद्रीच्या पाठीमागं पावसाच्या सावलीत, लडाख हिमालयाच्या पाठीमागं. लेहला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पडतो, आपल्याकडं एखाद्या रात्रीत पडून जातो तेवढा. म्हणून बाकीचा हिमालय पावसात भिजत असतो तेव्हा जुलै ते सप्टेंबर इथला सीझन चालतो. तरी गाफील राहू नका, २०१० च्या ऑगस्टमध्ये लेहला ढगफुटी होऊन लै माणसं गेली, ओढ्याच्या पात्रात तंबू टाकायचा नाही म्हणजे नाही.

बरं, एक चीड आधी काढून घेतो. "नॉन-टेक्निकल पीक आहे, कुणीपण करू शकतं" असं म्हणून हे शिखर विकतात. मलापण एका कंपनीनं असंच विकलं, नाव घेत नाही. फोनवरचा पोरगा म्हणला सर तुम्ही कळसूबाई केलंय ना मग झालं. अरे बाबा कळसूबाई १६४६ मीटर, आपलं लेहचं विमानतळ त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. इथं क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे, लागतात, आइस अ‍ॅक्स लागते (बर्फात रोवायची टोकदार कुदळ), हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) घालून एकमेकांना दोरानं बांधून चालावं लागतं, बर्फाला भेगा असतात, आणि वरचा उतार असाय की घसरलात आणि थांबता आलं नाही तर खाली कुठं थांबाल ते सांगता येत नाही. अवघड चढाई नाही हे खरं, पण कुणीपण करू शकतं हे साफ खोटं.

म्हणून हाताशी वेळ असेल तर आधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करा. उत्तरकाशीचं नेहरू गिर्यारोहण संस्थान आहे १९६५ चं, दार्जिलिंगचं हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट १९५४ चं, मनालीला आहे, पहलगामला आहे. सरकारी संस्था, जवळजवळ महिन्याभराचा कोर्स, खासगी कंपनीच्या मानानं पैसे लै कमी आणि शिकवणी कडक. जागा मात्र लवकर भरतात, त्यामुळं आत्ता ठरवलं तर पुढच्या वर्षीचा नंबर लागेल अशा हिशोबानं चाला. मी कोर्स न करता गेलो होतो पहिल्यांदा. ते बरोबर नव्हतं.

तयारीचं सांगतो, सपाट गावात राहून कशी करायची ते, कारण पुण्या-मुंबईवाल्यांना शनिवारी गाडी काढली की सिंहगड-हरिश्चंद्रगड, आपल्याला ते नाही. कमीत कमी पाच-सहा महिने धरा. मी डिसेंबरपासून सुरू केलं. पहिले दोन महिने फक्त चालणं आणि हळू पळणं, कृषी विद्यापीठाच्या बाजूचे रस्ते सकाळी रिकामे असतात, आणि डिसेंबरात आपल्याकडं पारा कधीमधी ५ च्या खालीपण येतो, तेव्हा गोधडीत पडून राहण्यापेक्षा बाहेर पडा, तेवढीच थंडीची ओळख. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. हे ऐकायला सोपं वाटतं पण पोरं ऐकत नाहीत, पहिल्याच दिवशी भरती असल्यासारखी पळतात आणि पंधरा दिवसांत गुडघा धरून बसतात.

मग जिने. चार मजली अपार्टमेंट असेल तर बेस्ट. सॅक भरून वर-खाली, सुरुवातीला पाच किलो, मग दर दोन आठवड्याला दोन किलो वाढवत पंधरापर्यंत. आता सॅकमध्ये काय भरायचं, तर मी पहिल्या वेळी घरातली ज्वारी भरायचो, आईनं एक दिवस डब्यात हात घातला आन् सगळं बाहेर आलं. पण ज्वारी नकोच, पाण्याच्या बाटल्या भरा. वर गेल्यावर गच्चीतल्या झाडांना पाणी घालून टाकायचं आणि रिकाम्या सॅकनं उतरायचं. कारण गुडघे जातात ते उतरताना, चढताना नाही. उतरायचा सराव वेगळा, तो हलक्या वजनानं आठवड्यातून एकदाच करायचा. शेजारचे विचारतील काय चाललंय. सांगू नका, गावभर होतं.

महिन्यातून दोनदा तरी खरा डोंगर बघा. परभणीवाल्यांना जिंतूरजवळची नेमगिरी, ती लहान आहे पण चार-पाच फेऱ्या मारा. बीडकडच्यांना बालाघाट आहे, धारूरचा किल्ला आहे. नांदेडवाल्यांना माहूर. संभाजीनगरवाले नशीबवान, देवगिरी आहे, अजिंठ्याच्या रांगेतला वेताळवाडी आहे, कन्नडकडं अंतूर आहे. देवगिरीला एक गंमत करा, अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातून, चढताना हेडटॉर्च लावून फक्त समोरच्या पावलाकडं बघत चला, पुढं किती राहिलंय ते बघायचंच नाही. शिखराच्या रात्री सहा-सात तास हेच करायचंय. कळसूबाई मात्र बारी गावातून रात्री निघून एकदा करून बघाच, झोपेच्या वेळेला शरीर चालतं का नाही ते कळतं.

गाठी. आठाची गाठ, दोराला कॅरॅबिनर (झाकणाची लोखंडी कडी) अडकवणं-काढणं, हार्नेस घालणं, हे सगळं हातमोजे घालून करता आलं पाहिजे. मी मे महिन्यात ४३ डिग्रीत, कूलर बंद करून, दोन-दोन लोकरीचे मोजे घालून बाजंवर बसून गाठी मारायचो, घाम कोपरावरून ठिबकायचा, बायको दारात उभं राहून बघायची आणि काही न बोलता आत जायची. पण वर उणे पंधरात जेव्हा बोटं लाकडासारखी होतात ना तेव्हा डोकं चालत नाही, हातच आपोआप करतात. मोजे काढून गाठ मारायची वेळ आली तर बोट जाऊ शकतं, ही अतिशयोक्ती नाही.

डॉक्टरकडं जायचं आहेच. बीपी, शुगर, ईसीजी, आणि हिमोग्लोबिन, ते विसरू नका, आपल्याकडं बायकांचं तर हमखास कमी निघतं आणि बाप्यांचंपण निघतं, तीन महिने आधी कळलं तर भरून काढता येतं. हवेचं गणित असंय, ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, म्हणजे एका श्वासात मिळायचा तो ऑक्सिजनपण निम्माच. त्यात रक्तच पातळ असेल तर काय होणार. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, लोक डायमॉक्स म्हणतात, ती डॉक्टरांना विचारूनच, साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा वर चढायच्या आदल्या दिवसापासून देतात, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. घेतली की बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला जास्त होते, घाबरायचं नाही. आणि तंबाखू. आपल्याकडच्या निम्म्या पोरांच्या खिशात चुन्याची डबी असते. सहा महिने आधी सोडा, तिथं तंबू रात्रीचा गळ्यापर्यंत बंद केलेला असतो आणि थुंकायला जागा नसते, एवढंतरी लक्षात घ्या.

परवानगीचं थोडक्यात. ह्या शिखराला दिल्लीच्या इंडियन माउंटेनीअरिंग फाउंडेशनची परवानगी लागते, उद्यानाची फी वेगळी. कंपनी करते सगळं, पण परवानगीच्या कागदाची कॉपी मागून घ्या. आणि फोनवर हे विचाराच: एका गाइडमागं किती माणसं, गाइडनं कोर्स केलाय का, ऑक्सिजनचा सिलिंडर बेस कॅम्पवर असतो का, परत फिरायची वेळ किती वाजताची ठरलेली असते. शेवटच्या प्रश्नावर जो हसून "तुम्ही पोचणारच सर" म्हणतो त्याच्याकडं जाऊ नका. विमा काढताना किती मीटरपर्यंत चालतो ते बारीक अक्षरात बघा, साध्या प्रवास विम्यात गिर्यारोहण नसतंच.

जायचं कसं. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस, परभणी, जालना, संभाजीनगर करत दिल्लीला सोडते. घरनं दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घ्या, शिवाय वाटेत स्टेशनवर लंगर येतो, ताट-वाटी हाताशी ठेवा, वरण-भात-पोळी गरम गरम मिळतं, पैसे घेत नाहीत. दिल्लीहून पुढं दोन वाटा. विमानानं लेह म्हणजे तासा-सव्वा तासात सपाटीवरून थेट ३५०० मीटर. किंवा मनालीवरून रस्त्यानं, अटल बोगदा २०२० ला सुरू झाला, ९ किलोमीटरचा, त्यानं रोहतांग वाचतो. रस्त्यानं चांगलं कारण चढ हळू होतो असं लोक म्हणतात, पण त्यात एक खोड आहे, गाड्या रात्रीला सार्चूला थांबवतात आणि ते ४२५० मीटरच्या वर आहे, म्हणजे लेहपेक्षापण उंच. पहिल्याच रात्री तिथं झोपलं की डोकं दुखून जीव नकोसा होतो. केलाँग किंवा जिस्पाला एक रात्र जास्त काढा, आणि पुढं पहाटे निघून सार्चू ओलांडून थेट लेह गाठा. मी दुसऱ्या वेळेला विमानानं गेलो आणि लेहमध्ये तीन रात्री काढल्या, मला ते जास्त पटलं.

लेहमध्ये पहिला दिवस झोपून. खरंच झोपून, बाजारात फिरायचं नाही, बुलेट भाड्यानं घेऊन खार्दुंग ला खिंडीत फोटो काढायला जायचं नाही. जिना चढताना धाप लागेल, लागू द्या. दुसऱ्या दिवशी थोडं सपाटीवर, तिसऱ्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या हळूहळू. पाणी भरपूर. दारू नाही, झोपेची गोळी नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा, आणि खोऱ्यात तर नेटवर्कच्या भरवशावर राहूच नका, घरी तसं आधीच सांगून ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा तसलं कुठलं यंत्र परदेशातल्या भावानं दिलंय म्हणून घेऊन जाऊ नका, आपल्याकडं परवानगीशिवाय ते बेकायदेशीर आहे.

सामान भाड्यानं लेहमध्ये मिळतं. बूट, क्रॅम्पॉन, आइस अ‍ॅक्स. इथं मी पहिल्या वेळी मार खाल्ला. दुकानात क्रॅम्पॉन हातात घेतले, चकचकीत होते, पिशवीत टाकले आणि आलो. बूट दुसऱ्या दुकानातले. रात्री एक वाजता, वारा सुटलेला, बर्फाच्या काठावर बसून घालायला गेलो तर मागची पट्टी बुटाच्या टाचेला धरेचना, खटकन निसटायची. गाइडनं सुतळीनं बांधून दिलं. सुतळीनं! म्हणून दुकानातच बूट घालून, त्यावर क्रॅम्पॉन चढवून, पाय हवेत उचलून जोरात झटका, हलला नाही तरच घ्या, आणि बूट-क्रॅम्पॉन एकाच दुकानातून घ्या. बूट एक नंबर मोठा, दोन मोजे घालून बोटं आत हलली पाहिजेत. कपड्यात सुती काही नको, बनियनसुद्धा, घामानं भिजलं की वाळत नाही. आत थर्मल, वर फ्लीस, वर पिसाचं जाकीट, सगळ्यात वर वारा अडवणारं. गॉगल चौथ्या कॅटेगरीचा, साधा स्टायलिश चालत नाही, बर्फावरून उन्ह उलटं मारतं आणि डोळे जातात. सनस्क्रीन नाकाच्या खाली, हनुवटीखाली, नाकपुड्यांच्या आतपण लावा, हसू नका.

आता खोरं. चिलिंगला झंस्कार नदी ओलांडली की मारखाचं खोरं सुरू होतं. आधी तिथं तारेवरच्या पाळण्यातून नदी ओलांडायचे, आता पूल झाला आणि रस्ता खोऱ्यात बराच आत गेलाय. आणि हाच सापळा. मी पहिल्या वेळी दोन दिवस वाचवायचे म्हणून जीप जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत जीपनं गेलो, तिथनं पुढं एकच मुक्काम करून बेस कॅम्प. लै खूश होतो. शरीर मात्र अजून लेहलाच होतं. ३००० मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा नियम आहे, आणि खोऱ्यातनं चालत गेलं तर तो आपोआप पाळला जातो. चिलिंग सुमारे ३२००, स्किउ ३४००, मारखा गाव ३७०० च्या वर, हांकर ४००० च्या आसपास, पुढं ठाचुंगत्से ४२५०. दुसऱ्या वेळी मी सगळं चाललो. वाटेत गावांमध्ये सातूची शेतं, जुन्या लष्करी पॅराशूटच्या कापडाचे तंबू टाकून बाया चहा विकतात, खारी लोण्याची चहा एकदा पिऊन बघा, नाही आवडली तरी पूर्ण संपवा. कुणी भेटलं की "जुले" म्हणायचं, नमस्कारपण तेच आणि धन्यवादपण तेच.

नदी दोन-चार ठिकाणी पायांनी ओलांडावी लागते. ती सकाळी. दुपारी वरचा बर्फ वितळून पाणी मांडीपर्यंत येतं, सकाळी तेच गुडघ्याखाली असतं. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवायचा, पडलात तर सॅक टाकून देता आली पाहिजे.

ठाचुंगत्से ते बेस कॅम्प म्हणजे ४२५० ते ५१०० ही एकदम मोठी उडी आहे. म्हणून दोन रात्री खाली झोपा, मधल्या दिवशी बेस कॅम्पच्या दिशेनं अर्धं वर जाऊन, तिथं तासभर बसून, झोपायला परत खाली या. मग तिसऱ्या दिवशी वर. बेस कॅम्पवर पण लगेच शिखर नाही, एक दिवस थांबून बर्फावर सराव. घसरलात तर आइस अ‍ॅक्स छातीखाली घेऊन टोक बर्फात रुतवून कसं थांबायचं ते पोटावर, पाठीवर, डोकं खाली करून, सगळ्या बाजूनं करून बघा. इथं लाजू नका.

ह्या उंचीवर पाणी ८३ डिग्रीलाच उकळतं, त्यामुळं कुकर नसेल तर डाळ रात्रभर ठेवली तरी शिजत नाही. भूक मरते. मला तिथं कंपनीचं पास्ता-बिस्ता जाईना, पिशवीतून येसर, आपलं भाजलेल्या धान्या-मसाल्याचं पीठ, काढलं, गरम पाण्यात कालवून वर तूप टाकून भातावर घेतलं, आचारी नेपाळी होता तो वास घेऊन विचारायला लागला हे काय. अर्धी पुडी त्याला देऊन आलो. शिखराच्या रात्रीसाठी राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाणा-गुळाचे लाडू घ्या, चॉकलेट थंडीनं दगड होतं, दात तुटेल. लाडू आतल्या जाकिटाच्या खिशात.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं, हे थोडंफार सगळ्यांना होतं. असेल तर वर जायचं नाही, तिथंच थांबायचं, कमी झालं तर पुढं, वाढलं तर खाली. पण दोन गोष्टी वेगळ्या. एक, नुसतं बसलेलं असतानापण धाप लागते, खोकला येतो, थुंकीत फेस: फुफ्फुसात पाणी झालंय. दोन, माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो: मेंदूला सूज. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला लावा, जमलं नाही तर रात्र असो की वारा असो, त्याच वेळी खाली उतरवायचं, सकाळची वाट बघायची नाही. ऑक्सिमीटरवर आकडा ८० च्या आसपास दिसतो तिथं, परभणीत तो दिसला असता तर आयसीयूत टाकलं असतं, पण वर नुसत्या आकड्याला घाबरायचं नाही, माणसाकडं बघायचं.

शिखराची रात्र. संध्याकाळी सहाला जेवून आडवं व्हायचं, झोप लागत नाही, पडून राहायचं. टॉर्चच्या बॅटऱ्या, फोन, सॉक्स सगळं स्लीपिंग बॅगमध्ये. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची, बर्फ वरून धरतो, उलटी असली की बुडाला धरतो आणि तोंड मोकळं राहतं. नळीनं पाणी प्यायची पिशवी नको, नळी पहिल्या तासात गोठते. अकराच्या सुमाराला निघायचं.

आधी घसारा. आपल्या मुरमाड टेकड्यांवर असतो तसाच, फक्त दोन-तीन तास संपत नाही, दोन पावलं वर, एक खाली. मग बर्फाचा काठ, क्रॅम्पॉन, दोर. आणि इथून पुढं चालायचं कसं हे सगळ्यात महत्त्वाचं. शेगावची पालखी परभणी-गंगाखेडवरून पंढरपूरला जाते, तिच्यातले सत्तरीतले म्हातारे बघितलेत कधी? ते कधी पळत नाहीत आणि कधी थांबतपण नाहीत. सकाळी तरणी पोरं त्यांच्या पुढं जातात आणि दुपारी झाडाखाली पसरलेली असतात, म्हातारा टाळ वाजवत पुढं निघून गेलेला असतो. तसं. एक पाऊल टाकायचं, मागच्या पायाचा गुडघा ताठ करून सगळं वजन हाडावर घेऊन क्षणभर उभं राहायचं, एक पूर्ण श्वास, तोंडानं जोरात फुंकून बाहेर, मग दुसरं पाऊल. मी मनात विठ्ठल विठ्ठल म्हणायचो, वि ला श्वास आत, ठ्ठल ला बाहेर. वरती एका पावलाला तीन विठ्ठल लागायचे. दर तासाला दोन घोट पाणी आणि अर्धा लाडू, नको वाटलं तरी. थांबणं पाच मिनिटांच्या वर नाही, घाम गोठतो.

पहिल्या वेळी मी ५८०० च्या जरा वर होतो, पहाटेचे पाच, पूर्वेकडं फटफटायला लागलेलं. डोकं रात्रीपासून ठणकत होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. गाइडनं विचारलं क्रॅम्पॉनची पट्टी बघ बरं, मी खाली वाकून बघितलं आणि मला कळेचना की मी काय बघायला वाकलोय. पट्टी दिसत होती, सुतळी दिसत होती, पण त्याचं काय करायचं ते सुचेना. त्यानं माझ्या तोंडावर टॉर्च मारली आणि म्हणला, नीचे. मी वाद घालायला लागलो, म्हणलं एवढे पैसे घातलेत, आता एवढंसंच राहिलंय. त्यानं ऐकलं नाही, दोर धरला आणि वळवलं. सातशे-आठशे मीटर उतरून आल्यावर डोकं असं साफ झालं जसं काही झालंच नव्हतं. दुखत असेल तर पहिल्या मिनिटाला सांगा. लपवू नका.

परत फिरायची वेळ खाली असतानाच ठरवून घ्या, साधारण सकाळी नऊ. नऊला जिथं असाल तिथून मागं, शिखर समोर वीस मिनिटांवर दिसत असलं तरी. कारण नंतर उन्हानं बर्फ मऊ होतो, पाय मांडीपर्यंत जातो, क्रॅम्पॉनखाली गोळे धरतात, आणि तुम्ही दमलेले असता. घसरायचं ते उतरतानाच. दर दहा-वीस पावलांनी आइस अ‍ॅक्सनं बुटावर टकटक करून गोळा पाडायचा.

दुसऱ्या वेळी साडेसातला पोचलो. वर छोटी जागा आहे, पताका बांधलेल्या, समोर एक नंबरचं टोक, एका बाजूला झंस्कारच्या रांगा, उत्तरेला लांबवर काराकोरम. पंधरा-वीस मिनिटं थांबलो, फोटो काढायला मोजा काढला तर बोटं बधिर झाली, दोनच फोटो आले आणि त्यातला एक बुटाचा. लगेच उतरायला लागा. येऊन-जाऊन बारा-चौदा तास लागतात, तेवढं बळ राखून ठेवा.

खाली आल्यावर दुसऱ्या दिवशी निमालिंगवरून, ते ४७००-४८०० वरचं मोठं कुरण आहे, याक-मेंढ्या चरत असतात, तिथून कोंगमारू ला ही ५२०० च्या वरची खिंड ओलांडून चोकदोला उतरायचं, तिथं गाडी येते. कचरा सगळा सोबत खाली, बिस्किटाचा कागदसुद्धा. स्टोक कांगरीचं काय झालं ते वर लिहिलंयच.

आता रजा. हिशोब असा धरा: लेहला तीन रात्री, खोऱ्यात चालत चार, ठाचुंगत्सेला एक जादा, बेस कॅम्पला दोन-तीन, हवामान बिघडलं तर त्यातला एक दिवस राखीव, परतीला एक, लेहहून विमान रद्द होतं म्हणून आणखी एक, वर दोन्हीकडचे सचखंडचे दिवस. सोळाच्या खाली बसवायला जाऊ नका. पहिल्या वेळी माझं परतीचं तिकीट शिखराच्या तिसऱ्या दिवशीचं होतं, म्हणून जीप, म्हणून डोकेदुखी, म्हणून सुतळी बघायला वाकलेला मी. दुसऱ्या वेळी साहेबांकडं फेब्रुवारीतच अर्ज टाकला, कारणात "घरगुती काम" लिहिलं. ऑगस्टमध्ये नाकाची साल निघालेली, चेहऱ्यावर गॉगलचा पांढरा पट्टा घेऊन ऑफिसात गेलो, साहेब बराच वेळ बघत राहिले आणि म्हणले, घराला रंग दिलास का रे उन्हात उभं राहून. मी हो म्हणलं.